‘पोरांना काही येत नाही’, मग शिकवणार कोण?

वस्तीत कुठल्याही ओट्यावर घटकाभर बसा, एक तक्रार हमखास ऐकू येते. “आजकालच्या पोरांना काही येत नाही. बारावी झाली, पण धड भात लावता येत नाही. घरात कोणी आजारी पडलं की नुसती मोबाईल घेऊन बसतात. आम्ही यांच्या वयात अख्खं घर सांभाळत होतो.” आजी बोलते, आजोबा मान डोलावतात, आणि नात कानात हेडफोन घालून आत निघून जाते.

तक्रार खोटी नाही. नर्सची नोकरी करताना मी भाजलेल्या हातावर टूथपेस्ट फासून आलेली कॉलेजची मुले पाहिली. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची कूस कशी बदलायची हे माहीत नसलेले तरणेताठे मुलगे पाहिले. पण या तक्रारीचा रोख मला चुकीचा वाटतो.

या मुलांना आपणच सांगितले, “तू फक्त अभ्यास कर, बाकी आम्ही बघतो.” ते बरोबरच होते. आपल्या समाजाकडे कामाचे कौशल्य कधीच कमी नव्हते. मेलेले ढोर ओढणे, रात्री-अपरात्री दुसऱ्याच्या घरी बाळंतपणाला धावणे, हे सगळे येत होते. ते शिकावे लागले, कारण दुसरे काही शिकू दिले नाही. 1927 साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि फेकलेले उष्टे सोडायला सांगितले, तेव्हापासून आपण बरेच काही जाणूनबुजून मागे टाकले. त्याची हळहळ नको. पण त्याच गाठोड्यातून घरातला जीव वाचवणारी चार कामेही निसटली. ती परत आणायची, तर ओट्यावरची कुरकुर उपयोगाची नाही.

शेजारच्या बांगलादेशाचे उदाहरण घ्या. 1971 च्या युद्धात तिथले निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत आले आणि कॉलरा पसरला. सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि सोड्याचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितले. जिथे शंभरात तीसएक माणसे दगावत होती, तिथे हे प्रमाण चारच्याही खाली आले. पाजणारे ना डॉक्टर होते, ना नर्स.

पुढे 1980 ते 1990 या काळात ‘ब्रॅक’ या संस्थेच्या बाया बांगलादेशात दारोदार फिरल्या आणि सव्वा कोटीच्या आसपास घरांत आयांना मीठ-गुळाचे पाणी करायला शिकवले. नुसते सांगून नाही, तर त्या आईच्या हातून करवून घेऊन. काही दिवसांनी दुसरी माणसे त्यातल्या काही घरी जाऊन आईला विचारत. तिला किती आठवते, त्यावर शिकवणाऱ्या बाईचा पगार ठरे. आईला आले नाही, तर पैसे कापले जात ते शिकवणारीचे!

हा हिशेब आपल्या ओट्यावर लावून बघा. नातीला येत नसेल, तर नापास कोण झाले?

यावर आजी म्हणेल, “आम्हाला सगळं येतं, तेच ऐकत नाहीत.” इथे मला थोडे कडू बोलावे लागेल. सगळे येत नाही. जुलाब लागले की बाळाचे पाणी आणि अंगावरचे दूध बंद करायचे, हे कितीतरी आज्या आजही सांगतात. त्याने बाळ जास्त सुकते. भाजल्यावर हळद, साप चावल्यावर घट्ट दोरी, हेही जुनेच आणि घातकच. दुसरीकडे, बाळाची टाळू खोल गेली, तोंड कोरडे पडले, बराच वेळ शू झाली नाही, हे आजीची नजर पटकन ओळखते. नातीला ते दिसत नाही. पण ओआरएसच्या पुडीवर किती पाण्यात कालवायचे ते लिहिलेले असते, ते नात वाचू शकते. एकाच खोलीत दोघींकडे अर्धे-अर्धे ज्ञान असते. मध्ये अबोला असतो, आणि बाळ सलाईनवर जाते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होते. जुलाबाचे दिवसही तेच. वाचन संपल्यावर पंधरा मिनिटे द्या आणि मुलांच्या हातून, हो, मुलग्यांच्याही हातून, तीन कामे करवून घ्या.

पहिले, ओआरएस. मोठी पुडी पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यात, अर्धी अर्ध्यात नाही. पुडी नसेल, तर एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त नको. चोवीस तासांनी उरलेले फेकून द्यायचे. दूध आणि जेवण चालू ठेवायचे. आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घ्यायच्या आणि जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करायच्या. मूल सुस्त पडले, पिईना, शौचात रक्त दिसले किंवा लघवी थांबली, तर लगेच दवाखाना.

दुसरे, भाजणे. वीस मिनिटे नळाचे साधे वाहते पाणी. नळाला पाणी नसेल, तर तांब्याने सावकाश ओतत राहायचे. बर्फ, हळद, टूथपेस्ट काही नको.

तिसरे, अंथरुणावरच्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलणे आणि पाठ, ढुंगण, टाचा लाल झाल्यात का ते पाहणे. हे काम सुनेचे किंवा मुलीचे, असे समजून आपण मुलग्यांना त्यापासून लांब ठेवले. उद्या आपण अंथरुणाला खिळलो आणि घरी फक्त मुलगा असला, तर तो शेजारीण शोधत फिरेल आणि आपल्या पाठीला जखमा होतील.

शिकवताना वडीलधाऱ्यांनी हात मागे बांधून बसावे. पोर चुकले, तर पुन्हा करू द्यावे, हसू नये. त्याच दिवशी पोरांनीही आजीला दोन गोष्टी शिकवाव्यात. गोळ्यांच्या पाकिटावरची मुदत कुठे बघायची आणि 108 ला फोन लावून पत्ता कसा सांगायचा. आणि महिन्याभराने दोघांनीही एकमेकांची परीक्षा घ्यावी. ज्याला आठवणार नाही, त्याला रागवायचे नाही. ज्याने शिकवले, त्याने पुन्हा शिकवायचे.