किकला जागा, बेसलाही जागा

हळदीच्या गाण्याचं रिमिक्स करून घ्यायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण जाताना एकच सांगतो : "दादा, बेस वाढव. काचा हलल्या पाहिजेत." अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यात हळद असो, नवरात्र असो की विसर्जनाची मिरवणूक, डीजेवर वाजणारी कितीतरी गाणी घरच्या कॉम्प्युटरवरच तयार होतात. मी दिवसा आनंदनगर एमआयडीसीत मेंटेनन्सला असतो आणि रात्री अशी गाणी मिक्स करतो. माझं ठाम मत आहे की आपल्याकडे बेस कमी पडत नाही, तो गढूळ असतो. गढूळ बेसचा आवाज वाढवून गाणं सुधारत नाही, त्रास मात्र अख्ख्या गल्लीला होतो.

गढूळपणा येतो कुठून? ठेक्यातला 'धप्' म्हणजे किक. तिचं वजन साधारण ५० ते ६० हर्ट्झच्या आसपास असतं. बेसलाइन फिरते ४० ते १०० हर्ट्झमध्ये. दोन्ही एकाच क्षणी एकाच पट्ट्यात वाजले की कानाला ते वेगळे काढता येत नाहीत. त्यात दोन्ही लहरी उलट्या पडल्या, एकीचा चढ तिथे दुसरीचा उतार, तर त्या एकमेकींना खाऊन टाकतात. मग मिक्स करणारा किक वाढवतो. किक वाढली की बेस दबल्यासारखा वाटतो, म्हणून तोही वाढवतो. या चढाओढीत गाण्याची सगळी ताकद खालीच खर्च होते, गाणारीचे शब्द बुडतात आणि एवढं करून ठेका छातीवर बसत नाही तो नाहीच.

नुकतंच हातावेगळं केलेलं एक गाणं सांगतो. सूर पांढरी सहा, म्हणजे बेसचा षड्ज ५५ हर्ट्झवर. किकचा गाभाही नेमका तिथेच. लय मिनिटाला १२८ ठोक्यांची, म्हणजे दोन किकमध्ये सुमारे ४६९ मिलिसेकंद. मी किकची लांबलेली शेपटी छाटून ती दीडशे मिलिसेकंदांच्या आत संपवली. बेसवर साइडचेन लावलं. किक पडली की बेस आपोआप खाली दबतो, किक विरली की पुन्हा पूर्ण वर येतो. बेसचे २०० हर्ट्झच्या वरचे उपस्वर थोडे उचलले, म्हणजे मोबाइलच्या छोट्या स्पीकरवरही त्याची चाल कळते. मग सगळं मोनोत, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून ऐकून, लहरी कुठे भांडत नाहीत ना, ते तपासलं. आवाज कणभरही न वाढवता ठेका उठून उभा राहिला.

प्रत्येक आवाजाला त्याची वेगळी जागा द्यायची, ही समज आपल्याला बाहेरून आणायची गरज नाही. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावून वादक खर्ज हवा तेवढा खाली आणतो, उजवं तोंड सुरात वेगळं मिळवतो. संबळाच्या दोन भांड्यांचे आवाजही असेच वेगळे. १९८२ साली मुंबईच्या चरणजित सिंग यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले, तेव्हा ठेका रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ या यंत्रावर आणि बेस टीबी-३०३ या यंत्रावर वाजवला. शिकागोत याच ३०३ मधून ॲसिड हाउस हे नाचाचं संगीत निघालं, ते त्यानंतर काही वर्षांनी. गोव्यात हणजुण्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्या ट्रान्समधून पुढे आलेला सायट्रान्स तर या वाटणीवरच चालतो. एका मात्रेचे चार भाग, पहिल्यावर एकटी किक, उरलेल्या तिन्हींवर बेस. मिनिटाला १४५ ठोक्यांच्या लयीत किकला जेमतेम १०३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात ती संपली नाही, तर सगळी चालच चिखलात रुतते.

मिक्सिंग शिकणाऱ्या नव्या मुलांचा आणखी एक घात त्यांची खोलीच करते. अकरा फूट लांबीच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५१ हर्ट्झचा स्वर अडकून घुमतो. भिंतीला टेकून बसलात तर तो फुगलेला ऐकू येतो, मधोमध बसलात तर जवळजवळ गायब होतो. मधोमध बसलेला मुलगा बेस वाढवत नेतो आणि तेच गाणं मैदानातल्या मोठ्या स्पीकरवर वाजलं की नुसता घुमारा उरतो. खोली बदलता येत नसेल, तर बसायची जागा बदलून ऐका, हेडफोनवर ऐका, ओळखीचं चांगलं गाणं शेजारी लावून ताडून बघा. याला पैसे लागत नाहीत.

आता कायद्याविषयी. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, औद्योगिक भागासाठी ७५ आणि ७० अशी मर्यादा आहे. पण ही मोजणी 'ए' पद्धतीची. तीत ५० हर्ट्झच्या आवाजाला सुमारे ३० डेसिबलची सूट मिळते. म्हणजे ज्या आवाजाने भांडी थरथरतात आणि म्हाताऱ्यांची झोप उडते, तोच मीटरवर सर्वांत कमी दिसतो. भिंतीतूनही खालचेच स्वर सर्वांत सहज पार होतात. 'सी' पद्धतीत ही सूट जेमतेम दीड डेसिबलची असते. मिरवणुकीच्या मोजणीत 'सी'चा आकडाही नोंदवला पाहिजे. तो नोंदला जात नाही तोवर तक्रार करणारा रहिवासी कागदावर खोटा ठरत राहणार.

नियम बदलायला वेळ लागेल. गाणं आजच बदलता येतं. नीट वाटणी केलेलं गाणं तीन डेसिबल खाली वाजवलं तरी ठेका टिकतो, आणि तीन डेसिबल म्हणजे ॲम्प्लिफायरची निम्मी ताकद. मंडळांना आणि हळदीच्या यजमानांना माझं सांगणं आहे : गाणं ताब्यात घेताना आवाज अगदी बारीक करून ऐका. बारीक आवाजात कान मुळातच खालचे स्वर कमी पकडतो, म्हणून कच्चं काम तिथे लगेच उघडं पडतं. धप् वेगळा, बेसची चाल वेगळी आणि शब्द स्वच्छ कळले तर पैसे द्या. नाही कळले तर बेस वाढवायला सांगू नका, गाणं पुन्हा मिक्स करून मागा.