शिशाचा मळ
दाभोशास लेंडी नदीच्या काठी, मासे धरण्याच्या पागाच्या कडेस ओवावयाच्या गोळ्यांसाठी एका वृद्ध गृहस्थांनी जुने शिसे लोखंडी कढईत वितळविले, तेव्हा 327 अंशांवर द्रवलेल्या त्या धातूवर करडी साय धरली. तीत सुपारीएवढे मेण टाकून त्यांनी कोरड्या काठीने तळापासून ढवळले, मेण भडकून जळाले, गंजलेले शिसे बरेचसे पुन्हा धातुरूपास आले आणि उरलेला मळ पळीने निपटताच पृष्ठभाग आरशासारखा झळकला. कल्हईवाल्याच्या नवसागराइतकीच ही मेणाची करामत मला आदरणीय वाटते. मात्र ओल्या पळीचा थेंब त्या रसाखाली सापडला तर वाफेने रस अंगावर उसळतो, आणि निपटलेला तो मळही विषारी. म्हणून नातवंडांना अंगणात येण्याची सक्त मनाई होती, कढईही या कामापुरतीच निराळी ठेवलेली होती.