आष्टीचा जमाव हुतात्मा, कस्तुरबानगरचा जमाव आरोपी

आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला सरकारी कागदावरसुद्धा 'आष्टी (शहीद)' म्हणतात. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, तिथल्या पोलीस ठाण्यावर लोक चालून गेले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, गावची माणसे पडली, आणि चवताळलेल्या जमावाने ठाणे पेटवले. ठाण्यावरचा अधिकारी आणि शिपाई त्यात ठार झाले. मेलेले पोलीस गोरे नव्हते, इथलेच होते. इंग्रज सरकारच्या लेखी हा सरळ खून होता. आष्टी आणि चिमूरच्या प्रकरणात फाशीच्या शिक्षा झाल्या, देशभर आवाज उठल्यावर त्या रद्द होऊन जन्मठेपेवर आल्या. आज तिथे हुतात्मा स्मारक आहे आणि त्या जमावाला कुणी जमाव म्हणत नाही.

आष्टीच्या माणसांबद्दल आम्हाला आदर आहे. प्रश्न वेगळा आहे. त्याच विदर्भात, वर्ध्याहून तास-दीड तासाच्या अंतरावर नागपुरात, १३ ऑगस्ट २००४ रोजी दुसऱ्या एका जमावाने एक माणूस मारला. त्या जमावातल्या बायांचे स्मारक कुठेच नाही. त्यांच्यापैकी आणि त्यांच्या वस्तीपैकी अनेकांनी दहा वर्षे खुनाचे आरोपी म्हणून कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या.

अक्कू यादव प्रकरण आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना सांगावे लागत नाही. पण आज विशी-पंचविशीत असलेल्या मुलामुलींना ते सिनेमातून आणि फॉरवर्ड केलेल्या व्हिडिओंतून कळते, म्हणून थोडक्यात सांगतो. कस्तुरबानगर ही बहुसंख्येने दलितांची वस्ती. तिथे या गुंडाने वर्षानुवर्षे खंडणी, मारहाण, बलात्कार आणि खुनाची दहशत बसवली होती. त्याला अनेकदा अटक झाली आणि तो अनेकदा सुटला. तक्रार करायला गेलेल्या बाईचे नाव ठाण्यातूनच त्याच्यापर्यंत पोचते, असे वस्तीचे म्हणणे होते. ऑगस्ट २००४ मध्ये वस्ती उठली, त्याचे घर फोडले, तेव्हा तो पोलिसांच्या आश्रयाला गेला. पुढे त्याला नागपूरच्या जिल्हा न्यायालयात आणले असताना, कोर्टाच्या खोलीतच, मिरचीपूड, दगड आणि चाकू घेऊन आलेल्या बायांनी त्याला संपवले. अंगावर सत्तरहून अधिक वार होते. पोलिसांनी काही बायांना धरले, तर उरलेल्या म्हणाल्या, आम्हा सगळ्यांना धरा. २०१४ साली उरलेले सर्व आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले.

पुराव्याअभावी. हा शब्द नीट वाचा. कोर्टाने 'हे आत्मसंरक्षण होते' असे म्हटले नाही, 'हा खून नव्हता' असेही म्हटले नाही. कुणी मारले हे सिद्ध झाले नाही, एवढेच ठरले. म्हणजे मूळ प्रश्न आजही तसाच उघडा पडलेला आहे, आणि आपल्या बैठकांत तो निघाला की तरुण दोन बाजूंना विभागले जातात. एक बाजू म्हणते, हे शंभर टक्के आत्मसंरक्षण, असेच केले पाहिजे. दुसरी म्हणते, आपण संविधान मानणारे लोक, कोर्टात घुसून माणूस मारणे हे संविधानाचाच खून आहे. दोन्ही बाजूंना आम्ही आदराने सांगतो की तुम्ही कायदा उघडून पाहिलेला नाही.

कायदा काय म्हणतो? जुन्या दंड संहितेत कलम ९६ ते १०६, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४, हा खासगी संरक्षणाचा हक्क आहे. मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, अपहरण, अ‍ॅसिड हल्ला अशा हल्ल्याची वाजवी भीती असेल तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो. पहिला वार होण्याची वाट पाहावी लागत नाही. भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो, भीती असेपर्यंत टिकतो. समोर सुरा असताना माणूस सोन्याच्या काट्यावर ताकद मोजून मारू शकत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी मान्य केले आहे. १९९२ साली यशवंत राव खटल्यात, अल्पवयीन मुलीवर अत्याचार करणाऱ्याला बापाने फावड्याने मारले आणि तो मेला, त्या बापाला सर्वोच्च न्यायालयाने याच हक्काखाली सोडले.

पण याच हक्काला एक अट आहे, जुने कलम ९९, नवे ३७. सरकारी यंत्रणेकडे संरक्षण मागायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही.

या अटीवर कस्तुरबानगर तोलून पाहा. अक्कू पोलिसांच्या ताब्यात होता. जागा न्यायालयाची होती. मिरचीपूड घरून आणलेली होती. वार सत्तर. कायद्याच्या अक्षराने हे आत्मसंरक्षण नाही, आणि ते आहे असे आपण पोरांना शिकवू नये. उद्या कुणी तरुण हा धडा घेऊन गावात काही करून बसला, तर त्याच्या बाजूने उभा राहणारा वकीलच त्याला सांगेल की तुझी केस या कलमात बसत नाही.

मग हा खून होता का? तो शब्दही आम्हाला पुरा वाटत नाही, आणि याचे कारण भावनेत नाही, त्या अटीतच आहे. 'यंत्रणेकडे जायला वेळ असेल तर' ही अट लिहिणाऱ्याने एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे गेल्यावर यंत्रणा येते. मालगुजाराच्या वाड्यातून निरोप गेला तर येतेच. वस्तीतून गेला तर? ज्या बाईने ठाण्यात जाऊन पाहिले आणि परत येताना रस्त्यात तोच माणूस उभा दिसला, तिच्याकडे 'वेळ' होता की नव्हता? घड्याळाने पाहिले तर वर्षानुवर्षांचा वेळ होता. आमचे म्हणणे असे की या अटीतला वेळ घड्याळाने मोजायचाच नाही, तक्रारींच्या इतिहासाने मोजायचा. किती वेळा गेले, काय नोंदवले गेले, काय झाले. भीती वाजवी होती की नाही हे कोर्ट त्या माणसाच्या जागेवर उभे राहून ठरवते, मग त्या जागेवर उभे राहून ठाण्याचा दरवाजाही दिसायला हवा.

असा विचार आपल्या न्यायालयांना अगदी परका नाही. खुनाच्या व्याख्येला अपवाद आहेत, त्यातला एक गंभीर आणि अचानक प्रक्षोभाचा. मद्रास उच्च न्यायालयाने १९८९ साली सुयंबुकनी खटल्यात, आणि गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१३ साली नवऱ्याचा मार वर्षानुवर्षे खाल्लेल्या एका बाईच्या खटल्यात, प्रक्षोभ एका क्षणाचाच असतो असे नाही, तो साचत जातो, हे मान्य केले आणि गुन्हा खुनावरून सदोष मनुष्यवधावर आणला. कस्तुरबानगरच्या बायांचा खरा बचाव याच वाटेने जाणारा होता, असे आमचे मत. तो कधी तपासलाच गेला नाही.

उलट नानावटी आठवा. नौदलाचा अधिकारी, घरी जेवला, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतले, गाडी चालवत गेला आणि बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली बरोबरच सांगितले की डोके थंड व्हायला वेळ होता, हा खून आहे. पण मुंबईच्या ज्यूरीने त्याला आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवले होते, वर्तमानपत्र त्याच्या बाजूने उभे राहिले होते, आणि १९६४ साली राज्यपालांनी माफी दिली. घराण्याची इज्जत हा प्रक्षोभ म्हणून समाजाला लगेच कळतो. वस्तीतल्या बाईची इज्जत कळायला मात्र पुरावा लागतो.

हे आजचे नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आततायीला, म्हणजे जीव घ्यायला येणाऱ्याला, मारण्याची मुभा आहे, गुरू असो की ब्राह्मण. पण त्याच जागी शस्त्र कुणी उचलावे हेही लिहिले आहे: द्विजांनी. म्हणजे आत्मसंरक्षणाचा हक्क होता, हत्याराशिवाय. 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी नेमके यावर बोट ठेवले. या देशात क्रांती का झाली नाही, तर खालच्यांना चातुर्वर्ण्याने शस्त्रच नाकारले होते, आणि शस्त्राशिवाय बंड होत नाही. मेकॉलेच्या दंड संहितेने १८६२ पासून 'प्रत्येक व्यक्तीला' हा हक्क दिला. कायद्याच्या पुस्तकात महाराचा आणि ब्राह्मणाचा जीव वाचवण्याचा हक्क सारखा झाला, ही या देशातली छोटी गोष्ट नव्हती. मेकॉलेला शिव्या घालणाऱ्यांना ही ओळ कधी आठवत नाही.

आता अहिंसेचा मुद्दा. आपला जिल्हा सेवाग्रामचा, त्यामुळे हा मुद्दा इथे लवकर निघतो, आणि बहुतेक वेळा गांधीही न वाचता निघतो. १९४२ साली खुद्द गांधींनी 'हरिजन'मध्ये लिहिले होते की हल्ला झालेल्या स्त्रीने हिंसा-अहिंसेचा विचार करत बसू नये, स्वतःला वाचवणे हे तिचे पहिले काम. पण आपल्याला उसने घ्यायची गरज नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी तथागतांची अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नाही, असे सांगितले. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यात त्यांनी फरक केला. निषेध आहे तो नुसत्या इच्छेचा. गरज होती का, हे मात्र माणसाने स्वतः तपासायचे. कस्तुरबानगरला ही कसोटी लावली की उत्तर एका शब्दात येत नाही. पहिल्या वारामागे गरज होती असे आम्ही म्हणू. सत्तराव्या वाराबद्दल आम्ही तसे म्हणणार नाही.

आणि हे म्हणायला आम्ही का कचरत नाही, ते ऐका. जमावाने न्याय करायचा असे एकदा ठरले की सगळ्यात मोठा जमाव कुणाचा असतो? खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबाच्या घरावर आला तोही जमावच होता, आणि त्यालाही वाटत होते की आपण हिशेब चुकता करतो आहोत. कोर्टाने त्याला सूडाची घटना ठरवले, अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू होऊ दिला नाही, आणि उच्च न्यायालयाने २०१० साली फाशी उतरवून पंचवीस वर्षांवर आणली. 'सूड' हा शब्द जातीला झाकायला किती सोयीचा आहे, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक?

फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला सकाळी भर चौकात पेटवून दिले गेले. आठवडाभर झुंजून ती गेली. लोकांचा संताप खरा होता. त्या संतापातून मागणी उठली: आरोपी आमच्या ताब्यात द्या, हैदराबादसारखे करा. हैदराबादेत दोनच महिन्यांपूर्वी, ६ डिसेंबर २०१९ रोजी, चार आरोपींना पोलिसांनी गोळ्या घातल्या होत्या आणि 'आत्मसंरक्षण' सांगितले होते. त्या पोलिसांवर फुले उधळली गेली. पुढे नागपूरचेच निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने २०२२ साली अहवाल दिला: गोळीबार मुद्दाम, मारण्याच्या हेतूने होता, संबंधित पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा. म्हणजे बंदूक हातात असलेल्याचे आत्मसंरक्षण त्याच दिवशी खरे मानले जाते, आणि खोटे ठरायला दोन वर्षांहून जास्त काळ आणि एक आयोग लागतो. हिंगणघाटच्या आरोपीला कोर्टाने फेब्रुवारी २०२२ मध्ये, ती गेली त्याच तारखेला, जन्मठेप दिली. खटला चालला, पुरावा टिकला. उशीर झाला, हे आम्हालाही बोचते.

तेव्हा आपल्या तरुणांनी करायचे काय? हत्यार कुठले, हा प्रश्न नंतरचा. आधी कागद. धमकी आली की लेखी तक्रार आणि तिची पोच, शिक्क्यासह. ठाणे घेत नसेल तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने, पावती जपून. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ खाली, तक्रार जाणूनबुजून न नोंदवणारा अधिकारी स्वतः गुन्हेगार ठरतो, हे तक्रारीतच लिहून टाका. हाणामारी झालीच तर स्वतःच्या जखमांची सरकारी दवाखान्यात त्याच दिवशी नोंद, फक्त समोरच्याच्या नव्हे. आत्मसंरक्षण सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर असते, पण ती सरकारी पक्षाइतकी जड नसते. शक्यतेचे पारडे आपल्याकडे झुकले तरी पुरते. ते झुकवणारे वजन म्हणजे ही पोचपावत्यांची चळत.

आम्हाला माहीत आहे, ज्या बाईच्या दारात गुंड उभा आहे तिला पोचपावती सांगणे किती कोरडे वाटते. म्हणूनच हे काम तिच्या एकटीवर टाकायचे नाही. ठाण्यात तिच्यासोबत दहाजण गेले पाहिजेत, आणि ते दहाजण वस्तीतल्या समाजमंदिरात दर रविवारी बसणाऱ्यांतलेच असायला हवेत. कस्तुरबानगरच्या खटल्यात दहा वर्षे चर्चा झाली ती चाकू कुणाच्या हातात होता याची. त्याआधीच्या वर्षांत ठाण्यात गेलेल्या तक्रारींचे काय झाले, याचा खटला कुणी चालवला नाही.

जय भीम.