पैठणचा दगड, रोमचा पेला

मी भूशास्त्र शिकवते, त्यामुळे इतिहासातही माझी नजर आधी दगडावर जाते. आपल्याकडे रोमन व्यापाराचा विषय निघाला की बोलणं होतं ते तिकडून काय आलं याचं. नाणी आली, मद्याचे उंच रांजण आले, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडनची ब्राँझची मूर्ती सापडली. इथून काय गेलं असं विचारलं, तर कापडाचं नाव येतं आणि विषय संपतो. दगडाचं नाव कुणी काढत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची नोंदवही लिहिली. त्याचं नाव आपल्यापर्यंत पोचलं नाही, पण आपल्या गावाचं नाव त्याने लिहून ठेवलं. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचं तेर. तेरचा माल म्हणून तो कापडं सांगतो. पैठणचा म्हणून सांगतो तो ओनिक्स, पट्टेदार अकीक, आणि तोही भरपूर. हा माल धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला जाई आणि तिथे जहाजात चढे.

हा दगड पैठणलाच का, याचं उत्तर आपल्या पायाखाली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि पोकळ्या राहिल्या. त्यांत सिलिका विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि कडेकडून आत अकीक पट्टा-पट्टा साचत गेला, कांद्याच्या पापुद्र्यांसारखा. त्या लाव्हाचा खडक, बेसाल्ट, झिजून माती होतो, अकीक मात्र टणक, तो मागे उरतो. पावसाने वाहून गोदावरीच्या वाळू-गोट्यांत येतो. शेतकरी त्याला गारगोटी म्हणून बांधावर फेकतो. अजिंठ्याच्या पायथ्याशी विकायला मांडलेले दगडही याच लाव्हातले.

रोममध्ये साधी माणसं मातीच्या पेल्यातून पीत. काच फुंकण्याची कला पसरल्यावर काचेचे पेलेही स्वस्त झाले. श्रीमंतांना मात्र दगडात कोरलेला पेला हवा असे. अखंड अकीक आतून पोखरायचा, भिंत इतकी पातळ करायची की उजेड पट्ट्यांतून आरपार दिसावा. नेपल्सच्या संग्रहालयातली 'फार्नेसे' थाळी अशीच एका पट्टेदार दगडातून कोरलेली आहे. रोमन लेखक थोरल्या प्लिनीने 'मुऱ्हिन' नावाच्या दगडी पेल्यांच्या वेडाबद्दल लिहिलंय. असा एक पेला सम्राट नीरोने दहा लाख सेस्टर्सना, म्हणजे तेवढ्या रोमन नाण्यांना, घेतला. त्या काळी रोमन शिपायाचा वर्षाचा पगार नऊशे होता, म्हणजे त्या एका पेल्यात अकराशे वर्षांची शिपाईगिरी गेली. आणखी एक बडा माणूस आपल्या पेल्यावर इतका जीव लावून होता की त्याची कडाच कुरतडत बसे!

इथे मला जपून बोलायला हवं. मुऱ्हिन नेमका कोणता दगड यावर अभ्यासकांत वाद आहे. ब्रिटिश म्युझियममधले त्या नावाने ओळखले जाणारे दोन पेले फ्लोराइटचे आहेत, आणि आपला अकीक म्हणजे फ्लोराइट नव्हे. पेरिप्लसमध्ये मुऱ्हिन भडोचला येतो तो उज्जैनकडून. म्हणून 'नीरोचा पेला पैठणचा होता' असं कुणी फलकावर लिहू नये. मद्याच्या रांजणांबाबत अशी घाई आधीच झाली आहे. रोमन म्हणून नोंदवलेली अनेक भारतीय खापरं मेसोपोटेमियाकडच्या रांजणांची निघाली, हे रोबर्टा टॉम्बर यांनी दाखवून दिलं. खोट्या अभिमानाची आपल्याला गरज नाही. पैठणचा ओनिक्स भडोचच्या बंदरात पोचत होता, एवढं लेखी आहे आणि ते पुरेसं मोठं आहे.

म्हणून माझी मागणी आहे. पैठणच्या शासकीय संग्रहालयात आणि तेरच्या लामतुरे संग्रहालयात या दगडाचं स्वतंत्र दालन हवं. गोदेतला कच्चा गोटा, त्याचा कापलेला काप, उत्खननात मिळालेले मणी आणि पैठण ते भडोच वाटेचा नकाशा एकाच ठिकाणी मांडावा, सोप्या मराठीत. मोठा निधी लागत नाही. नमुने जमवायला आमच्यासारखे शिक्षक आणि त्यांचे विद्यार्थी आनंदाने येतील. खंभातमध्ये अकीक कापणारे कारागीर आजही आहेत. त्यांतल्या एकाला पैठणला बोलवावं आणि इथल्या दगडाचा एक पेला लोकांसमोर कोरून घ्यावा. किती दिवस लागतात, किती दगड तडकून वाया जातात, हे शाळेच्या मुलांनी बाजूला उभं राहून बघावं.