लोइस स्मिथ: पहिलं नाटक 1952 मध्ये, पहिला टोनी 2021 मध्ये, मधली 69 वर्षं त्या टिकल्या कशा?

टोनी हा अमेरिकन रंगभूमीवरचा सर्वांत मानाचा पुरस्कार. सप्टेंबर 2021 मध्ये तो लोइस स्मिथ यांना मिळाला, तेव्हा त्या 90 वर्षांच्या होत्या. अभिनयासाठी टोनी जिंकणाऱ्या त्या सर्वांत वयस्कर कलाकार ठरल्या.

1952 मध्ये त्यांनी ब्रॉडवेवर पाऊल ठेवलं. 1955 मध्ये 'ईस्ट ऑफ ईडन' सिनेमात जेम्स डीनसोबत झळकल्या. पण स्टार काही झाल्या नाहीत.

तरी काम का थांबलं नाही?

वय वाढलं की नायिकेच्या भूमिका आटतात. स्मिथ यांची भिस्त मात्र चरित्र भूमिकांवर होती. 'ट्विस्टर'मधली मेग, 'मायनॉरिटी रिपोर्ट'मधली शास्त्रज्ञ, 'ट्रू ब्लड' मालिकेतली आजी. भूमिका छोट्या, पण लक्षात राहणाऱ्या.

दुसरं कारण, त्यांनी नाटक सोडलं नाही. 1990 मध्ये 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' आणि 1996 मध्ये 'बरीड चाइल्ड'साठी टोनीचं नामांकन मिळालं. दोन्ही वेळा पुरस्कार हुकला.

अखेर तो मिळाला 'द इनहेरिटन्स'साठी. समलिंगी पुरुषांच्या पिढ्यांची गोष्ट सांगणाऱ्या या लांबलचक नाटकात स्त्री पात्र एकच: एड्समुळे मुलगा गमावलेली आई. तीही येते दुसऱ्या भागात.

म्हणून ही फक्त जिद्दीची गोष्ट नाही. नव्वदीच्या अभिनेत्रीला पुरस्कार मिळण्याआधी कुणीतरी म्हाताऱ्या बाईसाठी दमदार भूमिका लिहावी लागते. अशा भूमिका आजही मोजक्याच आहेत.