जॅकेट होडीत नको, अंगावर हवं

मंडळी, ऑक्टोबर उजाडला की न्यू जर्सीतल्या तमाम देशी जनतेला निसर्गप्रेमाचा झटका येतो. फॉल कलर्स! आमच्या कंपूने यंदा डेलावेअर नदीत कनू न्यायची ठरवलीय. स्मिथफील्ड बीचला पाण्यात उतरायचं, खाली किट्टॅटिनी पॉइंटला बाहेर पडायचं. बेत झकास आहे. भांडण आहे ते त्यावरच्या चर्चेशी.

व्हॉट्सअ‍ॅपवर आतापर्यंत दोनशेच्या वर मेसेज झालेत. मिसळ की पावभाजी यावरच निम्मे. लाइफ जॅकेटवर मोजून एक : "ते घातलं की फोटोत फार बावळट दिसतं रे." (वर त्याला सहा अंगठे!)

मी कुरकुर केल्यावर उत्तर आलं, की जॅकेटं होडीत असतातच, कायद्याला तेवढं पुरतं. पुरतं, मान्य. पेनसिल्व्हेनियात कनू-कयाकमध्ये जॅकेट अंगावर घालायची सक्ती १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल एवढीच आहे. आपण जाणार ऑक्टोबरच्या मध्यावर, म्हणजे मोठ्या माणसांनी ते नुसतं हाताशी ठेवलं तरी चालतं. पण नदी काय कॅलेंडर बघून गार होते? तोवर पाणी साठ फॅरनहाइटच्या आसपास आलेलं असतं आणि रोज उतरतच असतं. वर छान ऊन असतं, म्हणून कुणाला पत्ताच लागत नाही.

आणि "होडीत असतंच" म्हणजे काय हो? उलटते ती होडीच ना? हे म्हणजे बॅकअप त्याच डिस्कवर ठेवण्यासारखं झालं. ऑफिसात कुणी असं केलं तर हीच मंडळी त्याला फाडून खातील. इथे मात्र जॅकेट बुडाशी, त्यावर कूलर, त्यावर कुणाचे तरी पाय. होडी उलटली की ते आपलं आपलं पुढे वाहत जाणार. सापडलंच, तर बधिर बोटांनी पाण्यात त्याचे बक्कल लावून दाखवा.

दुसरा मुद्दा आमच्या कोकणातल्या मित्राचा. "अरे, मी विहिरीत सूर मारून शिकलोय पोहायला." शिकला असशील बाबा. पण विहिरीत तू ठरवून उडी मारायचास, आणि ते पाणी कोकणातलं होतं. गार पाण्यात अचानक पडलं की पहिला श्वास आपोआप आत ओढला जातो. तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. मग धाप लागते, थोड्या वेळाने हातपाय ऐकेनासे होतात. पट्टीचा पोहणाराही यातून सुटत नाही. जॅकेट नेमकं त्या पहिल्या मिनिटात तोंड पाण्याबाहेर ठेवतं. आणि आपल्यात तिघांना पोहता येतच नाही, हे ग्रुपवर कुणी लिहिलं का? ते तिघे लाजेने गप्प आहेत आणि बाकीचे मिसळीत बुडालेत.

जीन्स आणि सुती हुडीबद्दलही सांगून ठेवतो : भिजलं की जड आणि थंडगार. लोकर किंवा सिंथेटिक घाला, कोरडे कपडे वॉटरप्रूफ पिशवीत घ्या. असो.

माझ्या होडीत बसणाऱ्याच्या अंगावर जॅकेट हवं, बक्कल लावलेलं. नाहीतर मी वल्हं उचलणार नाही. खडूस म्हणा, चालेल. तशीही शेवटी एक गाडी किट्टॅटिनी पॉइंटला लागणारच आहे आणि ती कोण नेणार हे अजून ठरलेलं नाही. ज्यांना जॅकेट नकोय त्यांनी ती न्यावी. झाडं तिथेही तितकीच लाल असतात, आणि फोटोही चांगले येतात.