नकाराला बळ द्या

पर्युषणाच्या आधी नात्यातले एक भावजी घरी आले. चहा होईपर्यंत त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. शेजारच्या एका गावच्या पंचायतीनं नदीकाठच्या भातशेतीत लेआउट पाडायला नकार दिला होता. त्याविरुद्ध वर अपील व्हायचं होतं आणि त्यासाठी बायकांच्याही सह्या हव्या होत्या. "वहिनी, नुसती सही करा. विकास नको म्हणणारी माणसं आहेत ती."

मी चहा दिला, सही दिली नाही. का, ते त्या दिवशी नीट सांगता आलं नाही. आज सांगते.

आमची काकती पुणे-बेंगळूर महामार्गावर. एका अंगाला पुणं, दुसऱ्या अंगाला बेंगळूर. दोन्हीकडं आपल्या लेकी दिल्यात, मुलं नोकरीला आहेत. या दोन्ही शहरांनी हा धडा आपल्या आधी गिरवलाय.

पुण्याचं बघा. १९९७ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. त्यांच्या आराखड्यात डोंगरांची सुमारे ९७८ हेक्टर जागा जैवविविधता उद्यानासाठी राखायची आणि तिथं बांधकाम होऊ द्यायचं नाही, असं महापालिकेनं ठरवलं. पण आराखड्यावर शेवटचा शिक्का राज्य सरकारचा. मग 'थोडं तरी बांधू द्या' म्हणून वर जोर लागला. निर्णय वर्षानुवर्षं लोंबकळला, तोवर टेकड्यांवर बेकायदा बांधकामं चढत राहिली. माजी महापौर वंदना चव्हाण आणि कितीतरी साध्या नागरिकांनी तो नकार धरून ठेवला. सरकारनं बांधकामबंदी कायम केली ती २०१५ मध्ये! नकार द्यायला एक सभा पुरते, टिकवायला वर्षं लागतात. तेवढी वर्षं मागं कुणी उभं नसेल तर तो कागदावरच विरतो.

बेंगळूरच्या राजमहल विलास एक्स्टेन्शनमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देऊन टाकली होती. रहिवासी कोर्टात गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. रुग्णालय काय वाईट असतं होय? पण लोकांसाठी राखलेली मोकळी जागा अशी उचलून देता येत नाही.

आता आपल्याकडं या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मार्कंडेयचं पाणी शिवारात कुठवर चढलं, ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. भाताचं शेत म्हणजे बांध घातलेलं पाण्याचं ताट. चार दिवस पाणी धरतं, जिरवतं, मग सोडतं. त्यावर मुरूम टाकून रस्ते केले तर पाणी काय आकाशात जाणार? ते खालच्या गल्लीत, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरणार. तो चिखल उपसणार कोण? आपणच की!

भावजी म्हणाले, "लोकांना घरं नकोत का?" हवीत. पण आमच्या बाजूच्या लेआउटमध्ये कित्येक वर्षं नंबरचे दगड रोवलेत आणि गवत वाढलंय. दिवा एकाही घरात नाही, कारण घरच नाही. प्लॉट घेणाऱ्याला तिथं राहायचं नाही, भाव चढल्यावर विकायचा आहे. ज्याला खरंच छप्पर नाही त्याला तो भाव परवडत नाही.

शेतकऱ्याचा प्रश्न मात्र खरा आहे. मुलीचं लग्न, दवाखाना, कर्ज, सगळं त्या जमिनीवर. पुण्यातही डोंगरमालकांना ८ टक्के टीडीआर देऊ केला, तो त्यांना फार कमी वाटला. गावासाठी जमीन राखायची तर भार एकट्या शेतकऱ्यावर टाकू नये. त्याच्या भाताला नीट दर मिळावा, हेही आपणच मागायला हवं. नुसती झाडांची माया उपयोगाची नाही.

आणि एक घरातली गोष्ट. कडू लागेल. हे प्लॉट घेणाऱ्यांत आपली माणसं कमी नाहीत. रात्री खायचं नाही, कंदमूळ वर्ज्य, पाणी गाळून प्यायचं, हे सगळं आपण पाळतो. पण परिग्रहाची मर्यादा घालताना शास्त्रानं पहिलं नाव घेतलंय ते क्षेत्र आणि वास्तूचं, म्हणजे शेताचं आणि घराचं. सोनं, धान्य नंतर येतं. बटाटा सोडणं सोपं आहे हो, चौथा प्लॉट सोडून बघा!

म्हणून मैत्रिणींनो, पंचायत एखाद्या वेळी धीर करून 'नाही' म्हणाली, तर तिला एकटं पाडू नका. अपिलात समोरच्याकडं वकील असतो, नकाशे असतात, सह्यांचे गठ्ठे असतात. पंचायतीकडं आपण असायला हवं. सहा महिन्यांतून एकदा तरी ग्रामसभा भरते. तिथं पुरुषांना चहा द्यायला जाऊ नका. पाणी कुठवर आलं होतं ते सांगायला जा, आणि ते कागदावर लिहून घ्यायला लावा.

भावजी पुन्हा आले तर चहा मिळेलच. सहीही मिळेल, फक्त वरचा मजकूर मी लिहीन.